बालनटीची छोटी कारकीर्द नीट कशी नोंदवावी

आमच्या कोल्हापुरात जुन्या सिनेमात काम केलेली माणसं अजून पेठापेठांत सापडतात. त्यातली एखादी आजी अशी असते, की लहानपणी दोन-तीन चित्रपटांत 'बेबी अमुक' म्हणून झळकली, मग शाळा, लग्न, सासर. नातवंडांना एवढंच ठाऊक असतं की 'आजी सिनेमात होती'. कुठल्या चित्रपटात, कुठल्या साली, पडद्यावर किती वेळ, नेमकं काय केलं, हे कोणी बसून विचारलेलं नसतं. माझी आत्ती त्यातलीच. मी वाचनालयात संदर्भ विभाग सांभाळत होते, जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका जमवायची आवड होती, म्हणून घरातल्यांनी तिची नोंद करायचं काम माझ्याकडे दिलं. ते करताना जी रीत बसली ती इथे लिहिते आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी कोणी असेल तर उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा. आपण तिच्या कामाची नोंद करतोय. 'बिचारीचं पुढे काही झालं नाही' असा सूर एकदा लागला की पुढचं सगळं त्याच सुरात जातं आणि मुलीने कॅमेऱ्यासमोर काय केलं ते राहूनच जातं.

आधी पडदा, मग मुलाखत

रेकॉर्डर घेऊन लगेच मुलाखतीला जाऊ नका. आधी तिचा चित्रपट मिळतो का ते पाहा आणि मिळाला तर तो पाहायला शिका. सरावासाठी मी सगळ्यांना दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) सुचवते. तो मूकपट आहे, बराचसा शिल्लक आहे, इंटरनेटवर पाहायला मिळतो आणि त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी. एका बालनटीचं काम इतक्या जवळून दाखवणारा याहून जुना नमुना माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवातीला पाटी येते: सात वर्षांच्या मुलीचा चेहऱ्यावरच्या भावांचा अभ्यास. मग गोष्ट सुरू व्हायच्या आधी ही चिमुरडी कॅमेऱ्याकडे तोंड करून एकेक भाव दाखवते आणि पुढे तिचाच कृष्ण होतो. म्हणजे बापाने प्रेक्षकांना सांगूनच टाकलं, की देवाचं रूप बघण्याआधी हिचं काम बघा. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी तो चेहरा मला दर वेळी थांबवतो. हसू ओठांवर येण्याआधी डोळ्यांत येतं.

आता हा भाग थांबवत थांबवत पुन्हा लावा. कागदावर तीन उभे रकाने आखा: मिनिट-सेकंद, ती काय करते आहे, चौकटीत आणखी कोण आहे. मूल कुठे बघतंय ते लिहा. मूकपटात दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारून मोठ्याने सूचना देऊ शकायचा, त्यामुळे मुलांची नजर कधी कधी बाजूला ऐकत असल्यासारखी जाते. बोलपटात ती सोय गेली. तिथे मुलाला वाक्य आणि जागा दोन्ही पाठ ठेवावं लागे. मग हात बघा. मोकळे हात मुलाला फार जड जातात, म्हणून जाणता दिग्दर्शक हातात काहीतरी देतो. शेवटी एकटीचा शॉट किती लांब आहे ते मोजा. लांब शॉट मुलीवर सोपवला असेल तर त्या माणसांचा तिच्यावर विश्वास होता.

'कालिया मर्दन'मध्ये एकीकडे पाण्यातली कालियाशी झुंज आणि दुसरीकडे काठावर कावरंबावरं झालेलं गोकुळ असं आलटून पालटून दिसतं. झुंजीतली मंदाकिनी आणि रात्री कोणाच्या घरात शिरून झोपलेल्यांची खोडी काढणारी मंदाकिनी यांची चाल वेगळी आहे. हा फरक तुमच्या रकान्यांत उतरला, की सराव झाला असं समजा. तिचं नाव आज घेतलं जातं ते या चित्रपटामुळे आणि आदल्या वर्षीच्या 'श्रीकृष्ण जन्म'मुळे. एवढ्यावर तिची जागा पक्की आहे.

नावांचा गुंता

श्रेयनामावलीत मुलीचं पूर्ण नाव क्वचित मिळतं. 'बेबी', 'कुमारी' किंवा नुसतं पाळण्यातलं नाव. लग्नानंतर माहेरचं नाव जातं, आडनाव जातं, आणि कागदावरची बाई आणि समोर बसलेली बाई यांचा सांधा तुटतो. बेबी शकुंतला हे आमच्या गावचं उदाहरण. पुण्याच्या महाजनांची मुलगी. प्रभातच्या 'रामशास्त्री'त (१९४४) लहानपणीच्या रामशास्त्रींचं काम अनंत मराठे यांनी केलं आणि त्यांच्या बालवधूचं शकुंतलाने. पुढे ती मोठी होऊन मराठी-हिंदीत नायिका झाली, पण 'बेबी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. १९५४ मध्ये कोल्हापूरच्या नाडगोंडे घराण्यात लग्न झालं आणि तिने चित्रपट सोडले. २०१५ मध्ये ती इथेच वारली. ज्याला नाडगोंडे हे नाव माहीत नाही, त्याला तिचं पुढचं अर्धशतक सापडणारच नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत एका कागदावर तिची सगळी नावं लिहून घ्या: माहेरचं, पाळण्यातलं, पडद्यावरचं, सासरचं, घरात हाक मारायचं. आणि शोधताना 'मास्टर' या नावांकडेही बघा. मुलींना मुलग्यांची कामं सर्रास दिली जात. पन्नासच्या दशकातली हिंदी बालनटी डेझी इराणी कितीतरी चित्रपटांत मुलगा होऊन आली. सारिकाने लहानपणी 'मास्टर सूरज' या नावाने काम केलं. तुमची आजी 'मी धोतर नेसले होते' म्हणाली तर ते खोटं समजू नका.

कागद कुठे मिळतात

सगळ्यात कामाची म्हणजे गाण्यांची पुस्तिका. थेटरात आणा-दोन आण्याला मिळायची. आत कलाकारांची नावं, गोष्टीचा सारांश आणि गाणी. सारांश ऐन मोक्याच्या जागी तोडून 'पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा' असं म्हटलेलं असतं. पडद्यावरच्या पाट्यांत न आलेली छोटी नावं पुस्तिकेत मिळतात, म्हणून दोन्हीकडे बघायचं. रद्दीवाले, जुन्या बाजारातले विक्रेते, थेटर बंद केलेल्या मालकांची घरं इथे त्या अजून निघतात.

हिंदी चित्रपटांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी दशकवार केलेला गीतकोश मोठ्या ग्रंथालयांत असतो. बाबूराव पटेल यांचं १९३५ मध्ये सुरू झालेलं 'फिल्मइंडिया' हे मासिक इंटरनेटवर स्कॅन केलेलं सापडतं. त्यातली परीक्षणं बोचरी आहेत, पण लहान मुलांच्या कामाबद्दल एखादं वाक्य हमखास मिळतं. ते वाक्य जसंच्या तसं, अंक आणि पानासह उतरवा.

पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ पासूनची संस्था, २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली. तिथे चित्रपटांबरोबर छायाचित्रं, पुस्तिका, जाहिरातपत्रकंही जपलेली आहेत. जाण्याआधी लेखी अर्ज करा आणि त्यात चित्रपटाचं नाव, साल, कंपनी स्पष्ट लिहा. 'जुने मराठी चित्रपट बघायचे आहेत' असं लिहून काही हाती लागत नाही. हेही मनाशी धरून जा, की बरंच काही जळून गेलं आहे. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ती भडकन पेटते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि त्यात प्रभातचं मोलाचं साहित्य गेलं. चित्रपट मिळाला नाही तर पुस्तिका, जाहिरात, परीक्षण आणि तिची आठवण या चार आधारांवर नोंद उभी राहते.

सालाबद्दल घाई करू नका. लता मंगेशकरांनी काम केलेला 'गजाभाऊ' कुठे १९४३ चा लिहिलेला दिसतो, कुठे १९४४ चा. चित्रीकरण, सेन्सॉरचा दाखला, पहिलं प्रदर्शन आणि आपल्या गावात लागणं या चार वेगळ्या तारखा आहेत. आजीला बहुतेक चौथी आठवते, कारण त्या दिवशी सगळं घर नटून थेटरात गेलेलं असतं. चारीसाठी चार ओळी ठेवा, जी मिळेल ती भरा, आणि ती कुठून मिळाली ते शेजारी लिहा. दोन भाषांचाही घोटाळा असतो. 'रामशास्त्री' मराठी आणि हिंदी दोन्ही निघाला होता, म्हणून एकाच कामाचे दोन चित्रपट मोजले जातात. दोन्ही लिहा, पण काम एकच होतं हेही लिहा.

लांबीचं गणित सोपं आहे. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. सेन्सॉरच्या दाखल्यावर फूट असतात, त्यावरून मूळ चित्रपट केवढा होता आणि आज मिळणारी प्रत किती कापलेली आहे ते कळतं. आजी 'माझं एक गाणं होतं' म्हणते आणि प्रतीत ते नसतं, तेव्हा हे गणित तिच्या बाजूने उभं राहतं. मूकपटाचा वेग वेगळा, त्याला हे लावू नका.

तिच्याशी बोलायचं कसं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सकाळी, तिचं आवरून झाल्यावर जा. घरातली फार माणसं भोवती नकोत, कारण सून किंवा मुलगा 'अगं तसं नाही, असं होतं' म्हणून तिची आठवण दुरुस्त करत बसतात. फोटो आणि पुस्तिका हातात द्या, आणि मग गप्प बसा.

गोष्ट विचारू नका. मुलाला चित्रपटाची गोष्ट कधीच पूर्ण सांगितलेली नसते. आत्तीला तिच्या दोन्ही चित्रपटांचं कथानक आजही सांगता येत नाही. पण चेहऱ्यावरचा रंग संध्याकाळी खोबरेल तेलाने पुसायचे आणि उशीला डाग पडायचा हे तिला आठवतं. बाहेरच्या चित्रीकरणात चंदेरी कागदाचे फळे तोंडावर धरायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि 'मिटू नको, मिटू नको' असा ओरडा व्हायचा. एका दृश्यात तिच्या हातात वासरू होतं, त्याचं नाव चंद्री. चित्रपटात ते दृश्य मिनिटभराचंही नाही. तिच्या लेखी मात्र तो अख्खा दिवस आहे, चंद्रीच्या गळ्यातल्या घुंगरासकट.

म्हणून अंगाला लागलेल्या गोष्टी विचारा. काय नेसवलं होतं? ते कोणाचं होतं? केस कोणी विंचरले? जेवण कुठून यायचं? झोप आली तर कुठे निजवायचे? उन्हाळ्यात दिव्यांखाली पाणी कोण द्यायचं? सोबत घरातलं कोण असायचं आणि ते कुठे बसायचं?

आणि हा प्रश्न चुकवू नका: रडायचा शॉट कसा घेतला? जवळजवळ प्रत्येक बालनटीला रडावं लागलेलं असतं. आत्ती शेंगा सोलत होती तेव्हा मी तिला हे विचारलं. हात न थांबवता तिने सांगितलं, "मला म्हणाले, तुझी आई तुला हितंच सोडून गेली. मी जे भोकाड पसरलं!" तो शॉट काही कारणाने वाया गेला आणि पुन्हा घ्यायचा ठरला. आई तोवर समोर येऊन उभी होती, म्हणजे ती थाप आता चालणार नव्हती. "मग?" म्हटलं. तर म्हणाली, "मग काय, मी माझी रडले. कसं रडायचं ते मला कळलं होतं की." आठ वर्षांची पोर. थापेने काढलेलं रडू आणि स्वतः आणलेलं रडू यांतला फरक तिने एका दुपारी ओळखला होता. ज्यांनी थाप मारली त्यांचा मला आजही राग येतो, आणि दुसऱ्या शॉटचा तेवढाच अभिमान वाटतो. नोंदीत मी दोन्ही लिहिलं.

काय काय विचारायचं हे सुचत नसेल तर आजचा कायदा समोर ठेवा. बालकामगारविषयक नियमांत २०१७ मध्ये बालकलाकारांसाठी तरतुदी आल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही. शाळेत खंड पडू द्यायचा नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध काही नाही. यातल्या प्रत्येक कलमाचा एक प्रश्न होतो: किती तास? शाळेचं काय? पैसे कोणाच्या हाती दिले? तुला करायचं होतं का? आत्तीच्या बाबतीत पैसे आजोबांच्या हाती पडले आणि तिला परकराचं कापड मिळालं. ती हे तक्रारीने सांगत नाही. मीही तक्रारीचा रंग न देता लिहिलं, पण लिहिलं.

काही आठवणी फार जड असतात. डेझी इराणी यांनी २०१८ मध्ये स्वतःहून जाहीरपणे सांगितलं, की लहानपणी चित्रीकरणासाठी परगावी असताना सोबतीला पाठवलेल्या माणसानेच त्यांच्यावर अत्याचार केला होता. साठ वर्षं गेल्यावर त्या बोलल्या. तुमच्या समोरची बाई अशा वाटेवर येऊन थांबली तर रेकॉर्डर बंद करा, कारण विचारू नका, आणि ती पुन्हा बोलेल तेव्हाच बोला. तिने सांगितलं तरी ते कागदावर जाणार की नाही हे तीच ठरवणार. आत्तीने मला तिचं नाव आणि चित्रपटांची नावं घराबाहेर द्यायची नाहीत असं सांगितलं आहे, म्हणून ती इथे नाहीत.

'का सोडलंस?' हा प्रश्न अगदी शेवटच्या भेटीसाठी राखून ठेवा. तो आधी विचारला की ती स्वतःची बाजू मांडत बसते. बऱ्याचदा सोडायचा निर्णय असा झालेलाच नसतो. उंची वाढते, दुधाचे दात पडतात, कंपनी बंद पडते, वडिलांची बदली होते, किंवा नुसतं पुन्हा बोलावणं येत नाही.

लिहिताना

मुलीचं वय, चित्रपट, काम आणि दृश्यं यांनी सुरुवात करा. लग्न, मुलं-बाळं मागून येऊ द्या. 'विस्मृतीत गेलेली', 'अकाली मावळलेला तारा' असले शब्द टाळा. तिने दोन चित्रपट केले तर दोन चित्रपट केले असं लिहा.

पुढच्या आयुष्याने आधीचं काम झाकलं जातं, मग ते आयुष्य केवढंही मोठं असो. लता मंगेशकरांचंच बघा. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले, आणि त्याच वर्षी तेराव्या वर्षी ती मुलगी 'पहिली मंगळागौर'मध्ये कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. मग मास्टर विनायकांच्या कंपनीत 'माझं बाळ', 'गजाभाऊ', नूरजहाँबरोबर 'बडी माँ'. नोकरी म्हणून केलेला अभिनय, घर चालवायला. १९४७ मध्ये विनायकराव गेले आणि ते पर्व जवळजवळ तिथेच संपलं. गाण्याच्या डोंगराखाली ही पाच-सहा वर्षं अशी दबली, की तिला पडद्यावर पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बेबी शकुंतलाचं काम संसाराने झाकलं, लताचं गाण्याने. दोघींचंही काम उघडं करायचं तर तेच रकाने आखावे लागतात.

उलट कधी कधी काम संपलेलंच नसतं. बेबी नाझ, म्हणजे सलमा बेग, 'बूट पॉलिश'मधली (१९५४). त्या कामाची १९५५ च्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात खास नोंद घेतली गेली. मोठेपणी ती मागे पडली असं सर्रास लिहिलं जातं. पण श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांतला आवाज नाझचा होता. आवाज देणाऱ्याचं नाव पाटीवर येत नसे. म्हणून आकाशवाणी, डबिंग, हौशी नाटक, शाळेतलं स्नेहसंमेलन बसवणं, हे सगळं विचारा आणि नोंदीत घ्या.

तिची आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिहा. तिच्या वाक्यापुढे 'तिच्या सांगण्यानुसार', कागदापुढे कागदाचं नाव. लिहून झालं की तिला मोठ्याने वाचून दाखवा. आत्तीने माझ्या मसुद्यातला 'छोटीशी भूमिका' हा शब्द काढायला लावला आणि 'भूमिका' एवढाच ठेवला.

जपायचं कसं

फोटो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. पुस्तिकेची टाचणी गंजली असेल तर हलक्या हाताने काढून सुती दोऱ्याने शिवा. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने, अगदी हलका दाब देऊन, नावं आणि साल लिहा. पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते. स्कॅन ६०० डीपीआयला, दोन्ही बाजूंचं. फाईलच्या नावात साल, चित्रपट आणि तिचं पडद्यावरचं नाव. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी ठेवा आणि पहिल्या मिनिटात तारीख, गाव आणि तिची संमती तिच्याच आवाजात असू द्या.

माळ्यावर फिल्मचा डबा निघाला तर तो उन्हात किंवा चुलीजवळ उघडू नका. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते. पिवळट भुकटी, चिकटलेली वेटोळी दिसली की डबा बंद करून घराबाहेर सावलीत ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. नंतरच्या फिल्मला खराब होताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ती नायट्रेटसारखी भडकन पेटत नाही, पण शेजारच्या रिळांनाही नासवते, म्हणून वेगळी काढा.

नोंदीच्या तीन प्रती करा. एक तिच्या घरी, एक गावच्या वाचनालयात, आणि तिची परवानगी असेल तर एक संग्रहालयाकडे, पुस्तिकेच्या आणि फोटोंच्या स्कॅनसह. सोबतच्या पत्रात तिची सगळी नावं एका ओळीत लिहा, पडद्यावरचं आधी.